जुने जर्मन कॉर्कस्क्रू जमवायचे तर: आधी यंत्र, मग शिक्का, मग किंमत

आजच्या वाइनच्या बाटलीच्या तोंडाचा आतला व्यास असतो साधारण १८.५ मिलिमीटर, आणि त्यात दाबून बसवलेले बूच मुळात २४ मिलिमीटरचे. इतके आवळून बसलेले बूच नुसत्या हाताने सरळ वर ओढायचे म्हणजे वीस-तीस किलोचे पोते उचलण्याइतका जोर लागतो, कधी त्याहूनही जास्त. बाटली गुडघ्यांत धरून ओढणारा माणूस पाहिला असेल तर हा जोर काय असतो ते सांगायला नको. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस-पंचवीस वर्षांत जर्मनीतल्या कारागिरांनी या एवढ्याशा प्रश्नावर जी डोकी लढवली, त्यातून स्प्रिंगचे, तरफेचे, उघडणाऱ्या चौकटीचे कितीतरी कॉर्कस्क्रू, म्हणजे बूच काढायची साधने, तयार झाले. ते जमवण्याचा नाद मला लागला त्याला आता अकरा वर्षे झाली. मी कोलोनला राहतो आणि चाकू-सुऱ्यांच्या कारागिरांचे गाव सोलिंगन इथून लोकल गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर आहे, त्यामुळे हा नाद पुरवणे मला सोपे गेले.

नव्याने सुरुवात करणारे बहुतेक जण आधी शिक्का शोधतात. शिक्का सापडला की भाव विचारतात, आणि वस्तू चालते कशी हे घरी गेल्यावर बघतात. माझा अनुभव असा की हा क्रम उलटा हवा. यंत्र समजले की तुटलेला भाग दिसतो, बदललेला भाग दिसतो, आणि शिक्का खरे बोलतो आहे की नाही हेही कळते. म्हणून या लेखातल्या पायऱ्या त्या क्रमाने लावल्या आहेत.

पायरी १: फिरवण्याचे ओढण्यात रूपांतर कसे होते ते पाहा

सगळ्यात साधा कॉर्कस्क्रू म्हणजे आडवी मूठ आणि तिला खाली जोडलेले मळसूत्र. त्यात यंत्र असे काही नाही, सगळा जोर आपला. यावर पहिले पेटंट १७९५ साली इंग्लंडमध्ये सॅम्युअल हेन्शल यांनी घेतले. त्यांनी मळसूत्राच्या वरच्या टोकाला एक गोल चकती बसवली. मळसूत्र पूर्ण आत गेले की चकती बुचावर टेकते, आणि त्यानंतर मूठ फिरवली तर बूचच जागच्या जागी फिरते. काचेला चिकटलेले बूच एकदा हलले की पुढे ओढणे हलके जाते. चिखलात रुतलेली गाडी ढकलताना पहिल्या धक्क्यालाच खरी ताकद लागते, तेच इथे. पुढची जवळजवळ सगळी जर्मन यंत्रे या पहिल्या धक्क्याचे ओझे कमी करण्यासाठीच झाली आहेत.

जर्मन बाजारात सर्वाधिक दिसणारा प्रकार घंटेचा. मळसूत्राच्या वरच्या अंगाला एक छोटी धातूची घंटा, तोंड खाली करून, बसवलेली असते. मूठ फिरवत गेलो की घंटेची कड बाटलीच्या ओठावर टेकते. मळसूत्राला आता खाली जायला जागा नाही, पण आपण फिरवतच आहोत, म्हणून बूच मळसूत्रावरून वर चढू लागते. बोल्ट जागच्या जागी फिरला आणि नट धरून ठेवला तर नट आट्यांवरून सरकतो ना, तसेच. ओढायचे कुठेच नाही, फक्त फिरवायचे. लांब पायांची चौकट असलेले कॉर्कस्क्रू याच तत्त्वावर चालतात. घंटा लहान असते म्हणून ती बूच थोडेच वर आणते, चौकट ते पूर्ण बाहेर काढते.

मग स्प्रिंग आली. चौकटीच्या वरच्या पट्टीच्या आणि मुठीच्या मध्ये, दांड्यावर ओवलेली जाड स्प्रिंग. मळसूत्र बुचात शिरत जाते तशी मूठ खाली येते आणि स्प्रिंग दबत जाते. दबलेली स्प्रिंग मुठीला सतत वर ढकलत असते. बूच पकड सोडते तो पहिला क्षण आपल्या खांद्यावर न येता स्प्रिंगवर येतो. सोलोन हे नाव कोरलेली चौकट हातात आली तर तिच्यात अशीच स्प्रिंग दिसेल, हर्क्युलिस नावाच्या वस्तूंतही. माझ्या मते जर्मन कॉर्कस्क्रूंचा सगळ्यात देखणा विचार हाच आहे. एकही जादा हालचाल न वाढवता, आपण फिरवताना खर्च करतो तीच ताकद साठवून ठेवायची आणि नेमकी हवी तेव्हा परत द्यायची.

चौकटीच्या कॉर्कस्क्रूची एक अडचण मात्र राहिली. बूच बाहेर येते आणि चौकटीच्या पायांमध्ये मळसूत्रावर अडकून बसते. ते काढायला बोटे आत शिरत नाहीत. सोलिंगनच्या एडुआर्ड बेकर यांचा कोलंबस हा या अडचणीवरचा उपाय. १८९३ च्या या रचनेत चौकटच दोन भागांत उघडते, आणि बूच मोकळे हातात येते. कोलंबस पहिल्यांदा उघडून पाहिला तेव्हा मी तो दहा वेळा उघडला आणि मिटला. अजूनही कुणी घरी आले की तो आधी दाखवतो.

तरफेचा मार्ग वेगळा. रोस्टॉकच्या कार्ल वीन्के यांनी १८८२ साली पेटंट घेतलेला, वेटर लोकांच्या खिशात मावणारा घडीचा कॉर्कस्क्रू आजही जगभर वापरात आहे. त्याच्या एका टोकाला बाटलीच्या ओठावर टेकणारा पाय, मधे मळसूत्र, दुसऱ्या टोकाला आपला हात. अडकित्त्याची रचना आठवा: बिजागरी एका टोकाला, सुपारी मधे, हात दुसऱ्या टोकाला. दोन्ही एकाच जातीच्या तरफा आहेत, म्हणून थोड्या जोरात जास्त काम होते. यातला पहिला माल बेकर यांच्याच कारखान्यात तयार झाला. वीन्के यांच्या पेटंटचा क्रमांक २०८१५. तो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बार्मेनच्या (आताच्या वुपर्टालच्या) कार्ल होल्वेग यांचा १८९१ चा घडीचा कॉर्कस्क्रू आणि सोलिंगनचे सेल्युलॉइडच्या (एका जुन्या प्लास्टिकच्या) पट्टेदार मोज्यांतले स्त्रीच्या पायांचे कॉर्कस्क्रू हेही तुम्हाला भेटतील. पायांची नोंदणी १८९४ ची. ते लोकप्रिय आहेत आणि महाग आहेत, पण त्यांत यंत्र फारसे नाही. यंत्रासाठी जमवायचे असेल तर पैसा आधी चौकटी आणि स्प्रिंगांवर घाला.

पायरी २: मळसूत्र वाचायला शिका

कॉर्कस्क्रूचा जीव मळसूत्रात असतो आणि फसवणूकही तिथेच होते. दोन मुख्य जाती. एक तारेचे वेटोळे, ज्याच्या मधोमध पोकळी असते. दुसरी भरीव, म्हणजे दांड्याभोवती धारदार पाते गुंडाळल्यासारखी. दुसऱ्या जातीला आर्किमिडीजचे नाव देतात. जर्मन लोक तारेच्या वेटोळ्यातल्या पोकळीला ‘झेले’ म्हणतात, झेले म्हणजे आत्मा. हा शब्द मी प्रथम एका म्हाताऱ्या विक्रेत्याकडून ऐकला. त्यांनी खिशातून काडेपेटीतली काडी काढली, मळसूत्राच्या पोकळीतून आरपार घातली आणि म्हणाले, “याला आत्मा आहे.” तेव्हापासून माझ्या खिशात काडी असते.

ही काडी दोन कामे करते. एक तर जात सांगते. दुसरे म्हणजे सरळ आरपार गेली तर मळसूत्र वाकलेले नाही. मधेच अडली तर कुठेतरी वेढा दबला किंवा कलला आहे. भरीव मळसूत्रात काडी जाणारच नाही, आणि ते काही वाईट नव्हे. पण तारेचे वेटोळे वाळलेले, टणक बूच फाडण्याऐवजी धरून ठेवते, त्यामुळे वापरणाऱ्याला तेच आवडते.

आता टोक पाहा, भिंगातून. शाबूत टोक वेढ्याच्याच वळणात पुढे जाते आणि अणकुचीदार होते. तुटलेले टोक कुणीतरी कानशीने घासून पुन्हा टोकदार केलेले असेल तर तीन खुणा दिसतात: घासल्याच्या आडव्या रेघा, शेवटच्या वेढ्याचा रंग वरच्या वेढ्यांपेक्षा ताजा, आणि वेढ्यांची संख्या कमी. म्हणून त्याच नमुन्याच्या दोन-तीन वस्तू पाहून वेढे मोजून ठेवायची सवय लावा. टोक गेलेला कॉर्कस्क्रू अगदी दुर्मिळ नमुन्याचा असेल तरच घ्यावा. सामान्य नमुन्यात टोक तुटले की मोल निम्म्याहून खाली येते असे समजून चाला.

पायरी ३: शिक्के आणि ते काय सांगत नाहीत

जर्मन वस्तूंवर तारीख कोरलेली क्वचितच असते, पण कायद्याच्या खुणा असतात, आणि त्या तारखेच्या जवळ नेतात. ही पायरी सावकाश वाचा. इथे घाई केली की चुकीच्या दशकाचे पैसे मोजले जातात.

जर्मन साम्राज्याचा पेटंट कायदा १८७७ चा. बर्लिनचे शाही पेटंट कार्यालय त्याच वर्षीच्या जुलैत सुरू झाले आणि क्रमांक एकपासून नोंद होऊ लागली. वस्तूवर डी.आर.पी. अशी अक्षरे असतील तर तिला राष्ट्रीय पेटंट मिळालेले होते, म्हणजे कल्पना तपासून मंजूर झालेली. म्हणून डी.आर.पी. असलेली वस्तू १८७७ च्या आधीची असूच शकत नाही.

१८९१ साली दुसरा, हलका कायदा आला: उपयुक्त नमुन्यांच्या नोंदणीचा. त्याची खूण डी.आर.जी.एम. या नोंदणीत तपासणी नव्हती. अर्ज केला, शुल्क भरले, क्रमांक मिळाला. संरक्षण तीन वर्षांचे आणि आणखी तीन वर्षे वाढवता येणारे. स्वस्त आणि झटपट असल्यामुळे लहान कारखानदारांनी याचाच जास्त उपयोग केला, त्यामुळे कॉर्कस्क्रूंवर सर्वाधिक दिसणारी खूण हीच. ‘गेस. गेश.’ असे तोडलेले शब्द दिसले तर त्याचा अर्थ ‘कायद्याने संरक्षित’ एवढाच. ते काळ फारसा सांगत नाहीत.

क्रमांक फक्त नोंदणीची वेळ सांगतो, वस्तू घडवल्याची नाही. संरक्षणाची मुदत संपल्यावरही कारखाने तोच साचा आणि तोच ठसा वर्षानुवर्षे वापरत. म्हणून माझ्या नोंदवहीत मी ‘१८९५ ची’ असे कधी लिहीत नाही, ‘१८९५ नंतरची’ असेच लिहितो. विक्रेता ठाम वर्ष सांगू लागला की त्याला एवढेच विचारा की हे वर्ष वस्तूचे की क्रमांकाचे.

देशाचे नावही बोलते. ब्रिटनने १८८७ साली कायदा करून परदेशी मालावर मूळ देश लिहिणे बंधनकारक केले, आणि ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द तिथून रूढ झाले. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्यानंतर तिकडे जाणाऱ्या मालावर ‘जर्मनी’ कोरणे आले. त्यामुळे हे शब्द असलेली वस्तू निर्यातीसाठी केलेली आणि या तारखांच्या नंतरची असण्याचा संभव फार मोठा. ‘यू. एस. झोन’ किंवा ‘वेस्टर्न जर्मनी’ दिसले तर ती दुसऱ्या महायुद्धानंतरची. डी.बी.जी.एम. ही नमुना-नोंदणीची अक्षरेही १९४९ नंतरच्या संघराज्याची. ती वस्तू वाईट असे मुळीच नाही, पण एकोणिसाव्या शतकाचा भाव तिला देऊ नका.

आणखी एक खूण कुणाच्या चटकन लक्षात येत नाही. कडा दुमडलेले पत्र्याचे बिल्ल्यासारखे झाकण, जे सोड्याच्या आणि बिअरच्या बाटलीवर असते, ते १८९२ साली बाल्टिमोरच्या विल्यम पेंटर यांनी पेटंट केले. ते झाकण उचकटायची खाच ज्या कॉर्कस्क्रूला मुळातच आहे, तो त्या झाकणाच्या आधीचा असणे शक्य नाही. खाच नंतर कापून काढली आहे का ते मात्र कडांवरून बघा.

शिक्का शोधायच्या जागा: घंटेची बाहेरची बाजू आणि आतली कड, चौकटीचे पाय, वरच्या पट्टीची खालची बाजू, दांड्याचा मुठीजवळचा चपटा भाग, आणि घडीच्या वस्तूंत पात्याचे मूळ. उजेड समोरून न टाकता टॉर्च अगदी आडवी धरा. झिजलेली अक्षरे सावलीत उभी राहतात.

पायरी ४: क्रमांकाचे कागद शोधा

जर्मन पेटंट कार्यालय आता म्युनिकला आहे आणि त्याचा डेपाटिसनेट हा शोधसाठा विनामूल्य आहे. त्यात १८७७ पासूनची जर्मन पेटंटे पानेच्या पाने चित्रांसह पाहता येतात. डी.आर.पी. क्रमांक असेल तर देशासाठी ‘डीई’ ही दोन अक्षरे आणि पुढे क्रमांक टाका. पहिला सराव वीन्के यांच्या २०८१५ वर करा. मूळ रेखाचित्र आणि तुमच्या हातातला वेटरचा कॉर्कस्क्रू शेजारी ठेवून पाहिले की रेखाचित्र कसे वाचायचे ते एका संध्याकाळीत जमते. जर्मन येत नसेल तरी चालेल, चित्रातले आकडे आणि भाग पुरतात. जुन्या वर्गवारीत ही साधने ६४ क्रमांकाच्या वर्गात, म्हणजे पेय वाढण्याच्या साधनांत येत. पानाच्या माथ्यावर तो वर्ग दिसला की आपण योग्य ठिकाणी आहोत.

डी.आर.जी.एम.च्या बाबतीत अशी चित्रे सहसा हाती लागत नाहीत. तिथे क्रमांकांच्या क्रमावरून साधारण वर्ष ठरवायचे, आणि त्याच क्रमांकाच्या दुसऱ्या वस्तू लिलावांच्या जुन्या याद्यांत शोधायच्या.

पायरी ५: बाजारात जाताना

जर्मनीत रविवारी दुकाने बंद, पण जुना बाजार भरतो. त्याला फ्लोमार्क्ट किंवा ट्र्योडेलमार्क्ट म्हणतात. सकाळी सात-साडेसातला पोचा. खिशात हवे: दहापट मोठे दाखवणारे भिंग, छोटी टॉर्च, लोहचुंबक, काडी, सुटे युरो आणि वही. कॉर्कस्क्रू कधीच वेगळे मांडलेले नसतात. ते चमचे-काट्यांच्या खोक्यात, अवजारांच्या पेटीत, चाव्यांच्या जुडग्यांखाली असतात. शेतघर रिकामे करून आणलेली खोकी सगळ्यात चांगली, कारण त्यात आधी कुणी निवड केलेली नसते.

आधी ‘गुटन मॉर्गन’ म्हणा, मग वस्तूला हात लावा. हे लोक याला फार महत्त्व देतात. घासाघीस चालते, पण एकदाच आणि शांतपणे. “वास इस्ट ईअर लेट्स्टर प्राइस?” म्हणजे शेवटची किंमत काय, एवढे विचारले की माणूस एक आकडा सांगतो. तो पटला तर घ्यायचे, नाही तर आभार मानून पुढे. आपल्याकडच्यासारखे पाठ फिरवून परत बोलावण्याची वाट पाहू नका. इथे बोलावत नाहीत.

वस्तू हातात आली की मी ठरलेल्या क्रमाने तपासतो. आधी सगळी हालचाल: चौकट वर-खाली, स्प्रिंग दाबून सोडून, बिजागरी उघडून-मिटून. स्प्रिंग एकसारखी दबते का, की मधेच एक वेढा बसला आहे? मग आटे. जिथे नट आट्यांवर चालतो तिथे तो हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे. मग चुंबक. लोखंडी असायला हवी ती चौकट चुंबकाला चिकटली नाही तर ती पितळेची आहे, आणि नवी नक्कल असू शकते. मग मूठ. लाकूड आणि दांडा जिथे भेटतात तिथे काळपट अशी एक बारीक, जुनी रेघ असते. तिथे ताजा डिंक किंवा चकचकीत फट दिसली तर मूठ बदललेली. शेवटी झीज. रोज वापरलेल्या मुठीवर झीज बोटे जिथे बसतात तिथेच असते. सगळीकडे सारखी झीज म्हणजे सँडपेपर.

एकदा याच तपासणीत मी एक गोष्ट गाळली आणि ती महाग पडली. डुसेलडॉर्फजवळच्या बाजारात उघडणाऱ्या चौकटीचा एक सुंदर कॉर्कस्क्रू मिळाला. चौकट अस्सल, नाव स्पष्ट. घरी आल्यावर मिटून पाहिले तर मळसूत्राचे टोक चौकटीच्या कड्याच्या खाली बोटभर बाहेर. दुसऱ्या कुठल्यातरी वस्तूचा दांडा त्यात घातलेला होता. दोन वस्तूंची मोडतोड जोडून एक केलेली अशी ‘लग्ने’ चौकटीच्या प्रकारांत वारंवार दिसतात. तेव्हापासून प्रत्येक चौकट बंद करून मळसूत्र कड्याशी कुठे येते ते आधी बघतो, आणि मुठीपासून टोकापर्यंत सगळा दांडा एकाच रंगाने काळवंडला आहे ना, तेही.

किमतीचे म्हणाल तर साधी घंटा काही युरोंत मिळते, आणि ती पहिल्या दिवशी घ्याच. नाव असलेली स्प्रिंगची चौकट त्याच्या कितीतरी पट. पट्टेदार पायांसाठी शेकड्यांत मोजावे लागते. लिलावात विकत घेत असाल तर लिलावघराच्या दलालीचा वाटा आणि टपाल धरूनच बोली ठरवा. आणि मागितलेला भाव म्हणजे मिळालेला भाव नव्हे. झालेल्या विक्रीचे आकडे बघा.

पायरी ६: साफ करा, पण थांबत

घरी आणल्यावर पहिला दिवस काहीच करू नका, फक्त फोटो काढा. त्यानंतर मऊ कोरडा ब्रश. मग आटे, बिजागऱ्या आणि स्प्रिंगच्या टोकांना शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब देऊन रात्रभर ठेवा. अडकलेला नट सकाळी बहुधा स्वतःहून सुटतो. पक्कड लावली तर दाताच्या खुणा कायमच्या राहतात. खोबरेल वापरू नका. थंडीत ते गोठते आणि पुढे चिकट होऊन धूळ धरते.

आपल्याकडे पितळ म्हटले की हात चिंचेकडे जातो. इथे चिंच, लिंबू, मीठ, घासायची पावडर यांतले काहीही नको. निकेलचा मुलामा फार पातळ असतो. आम्लाने तो उचकटतो आणि खालचे लोखंड उघडे पडले की महिन्याभरात नवा गंज. मुलाम्यावर गंजाचे ठिपके असतील तर तेल लावून अगदी बारीक, चार शून्याच्या पोलादी लोकरीने तेवढ्याच जागी हलके घासा. काळपट रंग मात्र राहू द्या. शंभर वर्षांनी आलेला रंग परत मिळत नाही, आणि जाणता खरेदीदार चकचकीत वस्तू बाजूला ठेवतो.

लाकडी मुठीला थोडे मधमाशांचे मेण. हाडाची आणि शिंगाची मूठ पाण्यात बुडवू नका, ती फुगून चिरते. सेल्युलॉइडची गोष्ट निराळी आणि महत्त्वाची. ते सहज पेट घेते, उन्हाने पिवळे पडते, आणि खराब होऊ लागले की त्यातून आम्लाची वाफ निघून शेजारच्या लोखंडाला गंजवते. त्याला उष्णता लावू नका, बंद डब्यात कोंडू नका, बाकीच्या संग्रहापासून दूर, हवेशीर आणि थंड जागी ठेवा.

मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांसाठी खरा शत्रू पावसाळा. जून ते सप्टेंबर संग्रह लाकडी कपाटाऐवजी घट्ट झाकणाच्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा (सेल्युलॉइड सोडून). वर्तमानपत्रात गुंडाळू नका, धुतलेले जुने सुती कापड बरे. पंधरवड्याला एकदा डबा उघडून पुड्या बदला.

पायरी ७: नोंदवही

प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या आणि तो दोऱ्याच्या चिठ्ठीवर बांधा. चिकटपट्टी मुठीवर कधीच लावू नका. वहीत लिहायचे: कधी, कुठल्या गावात, किती युरोला, लांबी, वजन, वेढे किती, आत्मा आहे की भरीव, शिक्क्यातली अक्षरे जशी आहेत तशी, काय दुरुस्त केलेले दिसते. आणि ‘कशी चालते’ याला एक ओळ. मी संग्रह सालानुसार लावत नाही, उत्तरांनुसार लावतो: ओढणारे, फिरवत राहणारे, स्प्रिंग साठवणारे, उघडणारे, तरफेचे. पहिल्या वर्षात या पाच घरांत एकेक धड वस्तू आली तर तो पन्नास मोडक्या वस्तूंपेक्षा मोठा संग्रह आहे. मग प्रत्येक घरात खोल जा.

भारतात नेताना

कॉर्कस्क्रू हातातल्या बॅगेत ठेवू नका, सुरक्षा तपासणीत काढून घेतला जाऊ शकतो. तो चेक-इनच्या सामानात, टोकाला बुचाचा तुकडा लावून ठेवा. खरेदीची पावती जवळ हवी, आणि वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर पावतीवर तसे लिहून घ्या. जकातीच्या वर्गवारीत शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना ९७०६ हे स्वतंत्र शीर्षक आहे. हस्तिदंती मूठ असलेली वस्तू मात्र कितीही सुंदर असली तरी नेऊ नका. हस्तिदंतावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत आणि भारतात वन्यजीव संरक्षण कायदा कडक आहे. हरणाच्या शिंगाच्या मुठी सोलिंगनच्या मालात खूप दिसतात, युरोपात त्या सर्रास विकल्या जातात, पण आपल्या विमानतळावर त्या प्रश्न उभा करू शकतात. मी शिंगाच्या वस्तू कोलोनलाच ठेवल्या आहेत.

उलट दिशेलाही कायदा आहे. मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर, साहेबी घरांतून आलेल्या सामानात युरोपीय कॉर्कस्क्रू मधूनमधून दिसतात. ऐतिहासिक मोलाची आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते, मग ती मुळात परदेशी घडणीची का असेना. परदेशात राहणाऱ्यांनी अशी वस्तू बाहेर नेण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करावी.

पाहायला कुठे जाल

वस्तू विकत घेण्याआधी भरपूर पाहिलेल्या असाव्यात. जर्मनीत काइझरस्टूल डोंगराच्या पायथ्याशी बुर्कहाइम या द्राक्षांच्या गावात कॉर्कस्क्रूंचे छोटे खास संग्रहालय आहे. फ्रान्समध्ये मेनेर्ब इथे आणि स्पेनच्या रियोहा भागात ब्रियोनेस इथल्या विवांको संग्रहालयात मोठे संग्रह आहेत. ब्रियोनेसला तीन हजारांवर नमुने मांडलेले आहेत. सोलिंगनच्या ग्रेफराट भागातल्या जुन्या मठात पात्यांचे जर्मन संग्रहालय आहे. तिथे कॉर्कस्क्रूंपेक्षा तलवारी आणि सुऱ्या अधिक, पण ज्या घासणाऱ्या आणि घडवणाऱ्या हातांतून आपले मळसूत्र निघाले ते हात कसे काम करत होते, हे तिथेच नीट समजते. बुर्कहाइमला जायचे असेल तर आधी वेळ विचारून घ्या, आणि तुमच्या संग्रहातल्या न उलगडलेल्या वस्तूचे फोटो बरोबर न्या.